पळालेल्या पोरांचे तात्या हवालदार

आयुष्यात मी एकदाच कुणाचा तरी जीव वाचवायला गेलो, आणि त्याबद्दल चाळीस माणसांच्या शिव्या खाल्ल्या.

झालं असं, की वडूजला एका शाळेत वक्तृत्व स्पर्धेचा परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. सांगलीतल्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. ग्रंथपालाला बोलता येत असणार, असा लोकांचा एक गैरसमज आहे. मी गाडी घेऊन निघालो. माझी गाडी चाळीसच्या वर जात नाही. आमची ही म्हणते, उसाची ट्रॉलीसुद्धा यांना हॉर्न देऊन पुढे जाते. तर वडूजच्या अलीकडे माळावर एक वळण आहे. वळलो आणि समोरून एक मुलगा नि एक मुलगी जिवाच्या आकांतानं पळत आली. मुलीच्या कपाळावरून रक्त ओघळतंय, मुलाचा शर्ट रक्तानं भिजलाय. मी करकचून ब्रेक दाबला, मागचं दार उघडलं आणि ओरडलो, "बसा! बसा लवकर!"

ती बसली. मी गाडी सोडली. आरशात पाहतो तर पाठीमागून तीस-चाळीस माणसं हातवारे करत धावत येतायत. हेच ते मारेकरी, असं समजून मी जन्मात पहिल्यांदा काटा साठच्या पुढे नेला. दोनेक किलोमीटर गेल्यावर मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, गाडीत बसायचा सीन आजच घ्यायचा होता का?"

तो सिनेमा होता. घरच्यांच्या भीतीनं पळालेली जोडी पिस्तूल हाती लागल्यावर वाटेत एकेकाला उडवत सुटते आणि शेवटी स्वतःही मरते, असलं काही तरी कथानक. रस्ता अडवायला ठेवलेला माणूस चहा प्यायला गेला होता, आणि तेवढ्यात मी. परत नेऊन सोडलं, तेव्हा डायरेक्टर डोकं धरून बसला होता. त्याच्या टोपीखालून जे शब्द बाहेर पडत होते, ते वक्तृत्व स्पर्धेत चालले नसते.

एकच माणूस रागावला नव्हता. बाभळीखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला, सत्तरीच्या आसपासचा, खाकी पँट, पांढरा सदरा, पायात चपला. तो उठून माझ्याकडे आला, सदऱ्याच्या खिशातून मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि डायरेक्टरला म्हणाला, "त्यास्नी कशाला बोलतायसा? रगत बघून थांबलेला मानूस मी सर्विसमदी एक बघितला न्हाई. आज बघितला. त्यो बी येडा निघाला, ही गोष्ट येगळी."

हे तात्या मासाळ. निवृत्त पोलीस हवालदार. त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं, म्हणून हे लिहायला बसलोय.

डायरेक्टरनं त्यांना सल्लागार म्हणून घेतलं होतं. कारण अख्ख्या खटाव-माणात तात्यांची ख्याती एकाच कामासाठी होती. पळून गेलेली जोडी शोधायची, आणि शोधल्यावर ती धड राहील हे बघायचं. दुसरं काम त्यांना ठाण्यात कुणी फारसं दिलंच नाही. चोरी झाली की दुसरे हवालदार जात. पोरगी पळाली की साहेब म्हणत, "मासाळला हाक मारा."

त्या दिवशी परीक्षकपदाला उशीर झालाच होता, म्हणून मी परतताना पुन्हा माळावर थांबलो. पुढेही महिनाभर, युनिटचा मुक्काम असेपर्यंत, काही ना काही निमित्त काढून चार-पाचदा गेलो. सिनेमा बघायला नव्हे, तात्यांना ऐकायला. त्यांच्या आवारातच युनिटचा चहा व्हायचा. घर रस्त्यालगत, पुढे आड, आडाजवळ एक लांबलचक बाज. तात्या बाजेच्या एका टोकाला बसायचे आणि सिनेमाची कथा वाचून घ्यायचे. मान हलवत राहायचे.

"सायेब, ही पोरं पळाल्यावर तासाभरात पेट्रोलपंप लुटत्यात?"

"हो तात्या."

"त्यास्नी भूक लागत न्हाई?"

"तात्या, थ्रिलर आहे."

"असूं दे की. पयल्या दिवशी भूक लागती. दुसऱ्या दिवशी पोरगीला आई आठवती. तिसऱ्या दिवशी दोघांचं भांडान हुतं, तूच म्हनलास चल म्हनून. ह्यात गोळ्या मारायला येळ कवा घावायचा?"

सगळे हसायचे. डायरेक्टरही हसायचा, पोरगा तसा गुणी होता. पण तात्या विनोद करत नसत. तो त्यांचा चाळीस वर्षांचा अभ्यास होता. पळालेली मुलगी दागिने घेऊन जाते हे खोटं, ती मोबाईलचा चार्जर आणि शाळेचा दाखला घेऊन जाते. जोडी हुडकायची तर मुलाच्या दोस्ताला विचारू नये, दोस्त खोटं बोलतो. मुलीच्या मावशीला विचारावं. मावशीसुद्धा खोटंच बोलते, पण बोलताना आतल्या खोलीकडं बघते. एकदा म्हसवडच्या बाजूला अशाच एका मावशीच्या घरी तात्या गेले. मावशी म्हणाली, इकडं कुणी आलेलं नाही. तात्या म्हणाले, बरं, मग चहा तेवढा करा. चहा आला. कप पाच. माणसं मात्र तीन. तात्यांनी उरलेले दोन कप उचलले, आतल्या दारापाशी ठेवले आणि मोठ्यानं म्हणाले, "निवंस्तवर थांबू नका रं, च्या गरम हाय तवर प्या."

सरकारी कागदपत्रांत मात्र तात्यांचं नाव एका भलत्याच कारणासाठी होतं. पूर्ण वर्दी आणि पायात चपला. या एका गोष्टीवरून त्यांना किती मेमो मिळाले याचा हिशेब त्यांनाही नव्हता. मी एकदा गमतीनं विचारलं, "तात्या, बूट चावायचे का?"

ते थोडा वेळ शेंगदाण्याची सालं फुंकत बसले. मग म्हणाले, "नवा हुतो नोकरीत. एका गावातनं सांगावा आला. पोरं पळाली हायती, मळ्यातल्या खोपीत हायती, पोरीचं चुलतं हुडकत निघाल्यात. साहेब म्हनलं, वर्दी नीट करून जा. मी बुटाच्या नाड्या बांधत बसलो. आडवंतिडवं घालून बांधायची तवा रीत हुती. भाईर आलो तर यस्टी गेलेली. दुसरी दीड तासानं."

एक दाणा त्यांनी बोटांत चोळला, पण तोंडात टाकला नाही.  मग स्वतःशीच म्हणाले, "पोचलो तवा पंचनामा करायचं काम तेवढं उरलं हुतं."

त्यानंतर त्यांनी बूट घातले नाहीत. आणि एस.टी.चं वेळापत्रक तोंडपाठ केलं. फलटण, विटा, आटपाडी, कुठलीही गाडी विचारा. नातवंडांना पाढे येत नसत, पण मायणीवरून सुटणारी पहाटेची गाडी सांगता यायची.

सिनेमातल्या शेवटाविषयी मात्र त्यांनी डायरेक्टरशी खरोखर भांडण केलं. जोडी माळावर गोळ्या खाऊन मरते, असा शेवट होता. आणि ऊन तसं हवं म्हणून तो शेवट रोज संध्याकाळी थोडा थोडा करून घेत होते. तात्या म्हणाले, "मारू नका." डायरेक्टर म्हणाला, "तात्या, जिवंत राहिली तर लोक म्हणतील खोटं आहे." तात्या म्हणाले, "मी यकशे बारा जोड्या हुडकल्या. त्यातली यकशे अकरा आज पोराबाळांची हायती. आता तुमीच सांगा, खोटं कंचं."

आता माझी दुसरी चूक. पहिल्या चुकीला निदान लोक हसले तरी.

घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे कुणी दिलेलं नाही, मी घेतलंय. ही सारी हकिगत मी तासगावला माझ्या मेव्हण्यांच्या घरी जेवताना सांगितली, अभिनयासकट. मेव्हणे म्हणजे हिचे थोरले भाऊ, बाबगोंडादादा. द्राक्षबाग, बेदाण्याचं शेड, देवळाच्या कमिटीवर. आम्ही जैन, पण आम्ही सांगलीचे, सोयीनं पाळणारे. दादा मनापासून पाळणारे. सूर्य बुडाल्यावर पाण्याचा थेंब नाही, आणि पाणी गाळल्याशिवाय ओठाला नाही. बोलणं मऊ. शेडवरच्या कामगारालाही अहो-जाहो.

त्यांची मुलगी पद्मा, तेवीस वर्षांची, एम.एस्सी. झालेली. माझी गोष्ट बाकीचे भाकरीबरोबर गिळत होते, पद्मा मात्र घास हातात धरून ऐकत होती. जेवणानंतर ती माझ्यामागे आली. "मामा, त्या तात्यांचं गाव कुठलं म्हणालात?" इतका चांगला श्रोता मला कित्येक वर्षांत भेटला नव्हता. मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर तिला नकाशा काढून दिला. बाभळीसकट.

पंधरा दिवसांनी पद्मा नाहीशी झाली. सोबत बिरू नावाचा मुलगा. वडूजकडचा, मेंढपाळांच्या घरातला, तासगावात द्राक्षबागांना औषधं पुरवणाऱ्या दुकानात कामाला. दादांच्या बागेत फवारणी सांगायला यायचा.

तासगावला पोचलो तेव्हा घरात सुतक पडल्यासारखं होतं. भावकीतली पोरं दोन गाड्या भरून विट्याच्या बाजूला गेली होती. गाड्यांत काय घेऊन गेली, ते कुणी सांगत नव्हतं. ऐन हंगामात शेड बंद. दादा ओसरीवर बसून होते. दोन दिवस पोटात काही नव्हतं. ओरडणं नाही, रडणं नाही. मला म्हणाले, "या, बसा." त्या 'बसा'नं मी पायरीवरच बसलो.

नकाशाविषयी मी हिला आतल्या खोलीत सांगितलं. हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी स्वतःहूनच भिंतीला टेकून उभा राहिलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी दादांचा फोन वाजला. तात्याच होते. आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. "मी मासाळ हवालदार बोलतोय. पोरं माझ्याकडं हायती. कालच ठान्यात जबाब झालाय, दोगं बी कायद्यानं सज्ञान. तुमी एकटंच या. भावकी नको. संगट घरातलं बाईमानूस आना. आन् दिस हाय तवर या."

दादा एवढंच म्हणाले, "मासाळ म्हणजे त्या पोराच्या जातीतलेच की." मग उठले. भावकीला फोन केला नाही, पण करणार नाही असंही म्हणाले नाहीत. ही मागे बसली, दादा माझ्या शेजारी. गाडी चालवणारा मी. त्या दिवशी कुठल्याही ट्रॉलीनं मला हॉर्न दिला नाही.

पोचलो तेव्हा साडेपाच वाजले असतील. तात्या आडाजवळ उभे होते. दादांनी हात जोडले. "हवालदारसाहेब, माझी मुलगी माझ्या ताब्यात द्या. मी कुणाला बोल लावणार नाही."

"देतो की. आदी बसा."

तेवढ्यात माळाकडून धाड धाड धाड असे बार झाले. दादा ताडकन उभे राहिले. चेहरा पांढराफटक. भावकीची पोरं पोचली, असंच त्यांना वाटलं असणार. मलाही वाटलं.

"बसा, बसा," तात्या म्हणाले. "ती सिनेमातली जोडी हाय. रोज ह्याच टायमाला मरती. मग हितं च्या प्यायला येती."

दादा बसले, पण दोन्ही हात मांडीखाली दाबून.  मला एकाएकी कळलं, या माणसाला राग कमी आणि भीती जास्त आहे. स्वतःच्याच भावकीची. घरातून निघालेल्या दोन गाड्या आता आपल्यालाही परत बोलावता येणार नाहीत, याची.

तात्यांच्या सूनबाईनं पाण्याचा तांब्या आणला. दादांनी मान हलवली. "नको." गाळलेलं नसेल म्हणून, की या घरचं म्हणून, ते त्यांचं त्यांना माहीत. सूर्य समोरच्या टेकडीवर हातभर उरला होता. तो गेला की दादांचा आणखी एक दिवस उपाशी, तहानलेला.

तात्यांनी घराकडे बघून हाक मारली, "बिऱ्या, पावन्यास्नी पानी काड रं."

आतून एक काळासावळा, उंच मुलगा आला. मान खाली. दादांकडे न बघता आडापाशी गेला. पोहरा सोडला, पाणी शेंदलं. कळशीच्या तोंडावर दुहेरी फडकं घातलं आणि सावकाश, धार न तुटू देता, पाणी गाळलं. फडकं पिळलं नाही. गाळलेलंच थोडं पाणी वरून ओतून ते पोहऱ्यात खळबळून घेतलं. फडक्यात अडकलेले बारीक जीव ज्या पाण्यातून आले त्या पाण्यात परत सोडायचे, अशी आमच्यात रीत आहे. आता सांगलीत नळाच्या पाण्याचे जीव कुठं सोडणार, म्हणून मी ती कधीच सोडून दिलेली. हा मेंढपाळाचा मुलगा ती पाळत होता. दादा बघतायत हे मी बघत होतो. ही माझा दंड धरून उभी होती.

पोहरा घेऊन बिरू आडाच्या काठावर गेला आणि वरूनच तो पालथा करू लागला.

"ए! ए! अरे थांब!"

तीन दिवसांत पहिल्यांदा दादांचा आवाज चढला होता. ते चपला न घालताच आडाकडे धावले.  तात्या मात्र जागचे हलले नाहीत.

"वरनं ओततोस होय रे? तीस फुटावरनं पडल्यावर त्यातला जीव जगंल का? अक्कल हाय का तुला? आण इकडं तो पोहरा! दुसरी दोरी कुठाय? बारकी दोरी!"

बिरूनं दोरी आणून दिली. दादा गुडघ्यावर बसले, पोहऱ्याच्या बुडाला असलेल्या कडीत ती बांधू लागले. पोहरा सरकत होता, गाठ बसेना. शेवटी बिरूनं पोहरा घट्ट धरला आणि दादांनी गाठ मारली.

"आता मोठ्या दोरानं खाली सोड. सावकाश! पाण्याला टेकव. टेकला? आता बारकी दोरी ओढ. वर न्हवं, बाजूला! हां. बघ. बघ कसा आडवा झाला. आता सांडलं की न्हाई पाण्यातल्या पाण्यात? असं असतंय ते. नुसतं गाळायला शिकून भागत न्हाई."

"व्हय जी," बिरू म्हणाला.

दोघंही आडात वाकून बघत होते. खाली पाण्यावर उठलेली वर्तुळं विरेपर्यंत कुणीच सरळ झालं नाही. मग दादा उठले, धोतर झटकलं, आणि बिरूनं पुढे केलेला तांब्या त्यांनी घेतला. घटाघट प्यायले. दुसरा मागितला.

दारात पद्मा उभी होती. ती कधी आली ते कुणी पाहिलं नव्हतं. दादांनी तिच्याकडे वळून न बघता टेकडीकडे बघितलं. "दिवस चाललाय," ते म्हणाले. "काय असंल ते वाढ."

कांदा-लसूण नसलेली मुगाची आमटी आणि भाकरी तयारच होती. जेवण झाल्यावर दादांनी खिशातून फोन काढला, भावकीतल्या पुतण्याला लावला आणि म्हणाले, "गाड्या माघारी घ्या. पोरं माझ्या पुढ्यात हायती." समोरून काही तरी मोठ्यानं बोलणं ऐकू आलं. दादा म्हणाले, "मी जेवलोय हितं."

जिथं जेवलो तिथं वैर नाही; यावर आमच्यात पुढे बोलता येत नाही. फोन बंद झाला.

ठरलं असं, की पोरांनी चार दिवस तात्यांकडेच राहायचं, भावकीची डोकी निवेपर्यंत. रविवारी दादा वहिनींना घेऊन येणार. लग्न पुढे वैशाखात झालं, देवळामागच्या मंडपात, साधंच. तात्यांची तब्येत बिघडली होती, ते येऊ शकले नाहीत. म्हणून त्या संध्याकाळचेच तात्या माझ्या डोळ्यांपुढे आहेत.

निघताना मी त्यांना बाजूला घेतलं. "तात्या, नशीब म्हणायचं. त्या पोराला नीट रीत माहीत नव्हती म्हणून..."

"कोन म्हनतंय म्हाईत न्हवती? पोरीनं त्याला वरीसभर शिकीवलंय. बुडाची कडी कालच त्यानं बसीवली." तात्यांनी माझ्या हातावर शेंगदाणे ठेवले. "मीच म्हनलो, वरनं वत. समदं बरुबर केलं असतं तर तुमचं मेव्हनं म्हनलं असतं, नाटक करतंय. बापाला कायतरी चुकलेलं गावाय लागतंय, गुरुजी. हात उगारायचा सोडून बोट दावायला लागतोय."

मी ग्रंथपाल, गुरुजी नव्हे. पण त्या दिवशी दुरुस्त करावंसं वाटलं नाही.

गाडी मागे घेताना आरशात आवार दिसत होतं. माळावरची जोडी मरून आली होती. रक्तानं माखलेला हिरो आणि कपाळ फुटलेली हिरॉईन बाजेवर बसून चहा फुंकत होती, आणि त्यांच्या शेजारी पद्मा नि बिरू, अंग चोरून. हिरॉईननं आपल्या बशीतलं बिस्कीट पद्मापुढे केलं. तात्या चौघांसमोर उभे राहून काही तरी सांगत होते, बहुधा कुठल्या तरी गाडीची वेळ. मग एकदम त्यांनी हिरोच्या गालावरचं रक्त बोटानं पुसलं, चाटून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. चौघंही खदखदून हसली.

मायणीच्या पुढे गेल्यावर पाहिलं, तर दादा शेजारच्या सीटवर मान टाकून झोपले होते. तीन दिवसांची झोप. मी हळू आवाजात हिला म्हणालो, "मी तर घाबरलोच होतो. दादा असे त्या पोराच्या अंगावर धावून गेले, मला वाटलं संपलं सगळं."

ही मागे बसली होती. नाक पुसल्याचा आवाज आला. मग म्हणाली,

"तुम्हाला काय कळतंय? दादा परक्या माणसाला कधी अरे-तुरे करत नाही."